तीन दिवसांचा हिवाळा

डिसेंबर २०२४. काश्मीरमध्ये चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याचे चाळीस दिवस, नुकते लागत होते आणि उंबरठ्यावरच श्रीनगरचा पारा उणे ८.५ अंशांवर उतरला. डिसेंबरातली इतकी थंड रात्र त्या शहरानं पन्नास वर्षांत पाहिली नव्हती. नळ गोठले, दल सरोवराच्या कडेचं पाणी गोठलं. गंमत अशी, की आकाश निरभ्र होतं. आठवड्याभरानं, २७ तारखेला, ढग भरून आले आणि बर्फ पडू लागला. जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद पडला, विमानं रद्द झाली. त्याच दिवशी हिमाचलात सोलंग नाल्यापाशी सुमारे पाच हजार पर्यटक गाड्यांसकट अडकले आणि कुल्लू पोलिसांनी त्यांना एकेक करून खाली आणलं. तिकडे दिल्लीत पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. २८ च्या सकाळी साडेआठला मोजला तेव्हा चोवीस तासांचा आकडा निघाला ४१.२ मिलिमीटर. डिसेंबरातल्या एका दिवसात एवढा पाऊस दिल्लीत याआधी पडला होता तो ३ डिसेंबर १९२३ ला, ७५.७ मिलिमीटर. आणि आपल्याकडे याच दोन दिवसांत उत्तर महाराष्ट्रात, मराठवाड्याच्या काही भागांत ढग गडगडले, अवकाळी झाला, कुठे कुठे गारा पडल्या.

वर्तमानपत्रांनी या चार बातम्या चार पानांवर छापल्या. हवामानाच्या नकाशावर ती एकच बातमी होती. भूमध्य समुद्राकडून आलेली एक प्रणाली, तिला अरबी समुद्राचं बाष्प मिळालेलं आणि पूर्वेकडून येणाऱ्या वाऱ्यांशी तिची गाठ पडलेली. हवामान खात्याच्या राष्ट्रीय बुलेटिनमध्ये ती दोन-तीन दिवस आधीपासून दिसत होती, राज्यवार इशाऱ्यांसह. या लेखात त्या बुलेटिनकडेच बघायचं आहे: पुढच्या दोन-तीन दिवसांत देशात कुठे बर्फ, कुठे पाऊस, कुठे गारठा, हे सांगणाऱ्या अंदाजाकडे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे हिवाळ्याबद्दल जे जे भाकीत केलं जातं, त्यात हा तीन दिवसांचा अंदाज सगळ्यात भरवशाचा आहे आणि सगळ्यात कमी वाचला जाणारा आहे. त्यात दोष वाचणाऱ्याचा थोडा, लिहिणाऱ्याचा जास्त.

आधी त्या पाहुण्याची ओळख करून घेऊ. इंग्रजीत ‘वेस्टर्न डिस्टर्बन्स’ म्हणतात. मराठीत त्याचं बारसं अजून नीट झालेलं नाही: कुणी पश्चिमी विक्षोभ म्हणतं, कुणी पश्चिमी चक्रावात, कुणी पश्चिमी झंझावात. एकाच आठवड्यात तीन दैनिकांत तीन नावं वाचून शेतकऱ्याला वाटावं, की तीन वेगवेगळी संकटं येताहेत. मी इथे ‘विक्षोभ’ वापरतो. भूमध्य आणि कॅस्पियन समुद्रांच्या टापूत हा कमी दाबाचा पट्टा तयार होतो किंवा जोर धरतो, आणि साडेबारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणाऱ्या जेट प्रवाहाच्या ओढीनं इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत आपल्याकडे सरकतो. त्या उंचीवर वारा ताशी दोनशे किलोमीटरच्या वर असतो. उन्हाळ्यात हा प्रवाह हिमालयाच्या उत्तरेला सरकतो. हिवाळ्यात खाली उतरून थेट उत्तर भारताच्या डोक्यावर येतो. म्हणून थंडीच्या महिन्यांत साधारण चार ते सहा विक्षोभ दर महिन्याला येतात. सगळेच पाऊस देतात असं नाही. काही नुसते ढग दाखवून जातात.

या विषयावर भारतात जुनं काम झालेलं आहे. पिशारोटी आणि देसाई यांचा विक्षोभ आणि भारताचं हवामान यांवरचा निबंध १९५६ चा. हेच पिशारोटी पुढे पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचे पहिले संचालक झाले. आणि पुण्याचं नातं त्याहून जुनं आहे. १८७५ मध्ये सुरू झालेल्या हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून १९२८ मध्ये पुण्यात आलं. ते १९४४ मध्ये दिल्लीला गेलं, पण शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला लोक आजही सिमला ऑफिसच म्हणतात. हिमालयातल्या बर्फाशी आपला काय संबंध, असं विचारणाऱ्या पुणेकरानं त्या चौकातून जाताना एकदा वर बघावं.

विक्षोभ सुमारे तीन दिवस आधी इतका नीट का दिसतो? कारण तो चालत येतो. तो इराणवर असताना उपग्रहाच्या चित्रात त्याचे ढग दिसतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस हे काम करतो. रोज पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी साडेपाचला ठिकठिकाणी सोडलेले फुगे वरच्या थरांतलं तापमान, बाष्प आणि वारा सांगतात. मे महिन्यातला वळीव जसा दुपारी दोनला जन्मतो आणि पाचला मरतो, तसं इथे नाही. हिवाळ्याची प्रणाली हजारो किलोमीटर लांबीची, ठरावीक वाटेनं येणारी. संगणकाच्या प्रारूपाला हेच आवडतं. चार-पाच दिवसांनंतर मात्र सूर बिघडतो: विक्षोभ किती खोल असेल, किती खाली दक्षिणेला झुकेल, अरबी समुद्रातून बाष्प ओढेल का, यातली प्रत्येक छोटी चूक वाढत जाते. हवामान खातं तीन दिवसांपर्यंतच्या अंदाजाला अल्प पल्ल्याचा म्हणतं, त्यापुढे दहा दिवसांपर्यंत मध्यम पल्ला, आणि दर गुरुवारी चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज निघतो. पल्ला वाढला की भाषा सैल होत जाते, आणि ते प्रामाणिकच आहे.

आता थंडीचा हिशेब, कारण महाराष्ट्रात सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. विक्षोभ आला म्हणजे थंडी आली, असं लोक समजतात. होतं जवळजवळ उलटं. विक्षोभ येत असताना ढग येतात, वारा दक्षिणेकडून किंवा पूर्वेकडून फिरतो, आणि रात्री उबदार होतात, कारण ढगांचं पांघरूण जमिनीची ऊब बाहेर जाऊ देत नाही. तो पुढे सरकला, आकाश धुऊन निघालं, आणि ताज्या बर्फावरून उतरणारे वायव्येचे कोरडे वारे सुटले, की पारा कोसळतो. आधी पंजाब-हरियाणा, मग राजस्थान, मग मध्य प्रदेश, आणि मग एक-दोन दिवसांनी धुळे, नाशिक, निफाड. म्हणून दिल्लीच्या पावसाची बातमी वाचली, की नाशिककरानं स्वेटर लगेच काढू नये. दोन दिवसांनी काढावा. पण दुसरा विक्षोभ पहिल्याच्या पाठोपाठ आला, तर ही साखळी तुटते. वायव्येचे वारे सुटायच्या आधीच पुन्हा ढग. महाराष्ट्रात ‘थंडी गायब’ असे मथळे येतात ते बहुधा तेव्हा, किंवा बंगालच्या उपसागरात काहीतरी शिजत असताना. नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस चांगला गारठा पडला होता. ३० नोव्हेंबरला फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे ढगाळ उकाडा. वादळ हजार किलोमीटरवर, घाम पुण्यात.

दक्षिणेचा विषय निघालाच आहे तर एवढंच सांगून पुढे जातो, की राष्ट्रीय अंदाजातला हिवाळा तमिळनाडूत पावसाळा असतो. डिसेंबर २०२३ मध्ये तुतीकोरीन जिल्ह्यातल्या कायलपट्टिनमला एका दिवसात सुमारे ९५ सेंटिमीटर पाऊस झाला. जम्मूला कडाका, तुतीकोरीनला पूर, आणि बुलेटिन एकच.

बर्फाकडे वळू. राष्ट्रीय बुलेटिनमधलं मला सर्वांत लक्षवेधी वाटणारं चिन्ह म्हणजे एक तिरपी रेघ: ‘पाऊस/हिमवृष्टी’. पश्चिम हिमालयाच्या अंदाजात ही रेघ असतेच, आणि सगळं अवघड काम तिच्या पोटात आहे. वरून पडतो तो जवळजवळ नेहमी बर्फच. वाटेत शून्य अंशाची पातळी ओलांडून खालच्या उबदार हवेत शिरला की वितळतो. ही पातळी दोनशे मीटर वर-खाली झाली, की मनालीला पाऊस की बर्फ हे बदलतं. मनाली सुमारे दोन हजार मीटरवर, सिमला दोन हजार दोनशेच्या आसपास, म्हणजे नेमकी त्या सीमेवर बसलेली गावं. एक मिलिमीटर पाणी म्हणजे ढोबळमानानं एक सेंटिमीटर ताजा बर्फ. म्हणजे तीस मिलिमीटरचा अंदाज एका बाजूला छत्रीचा प्रश्न असतो, दुसऱ्या बाजूला फूटभर बर्फाचा. अंदाज चुकला असं म्हणणारे पर्यटक बहुतेक वेळा या रेघेच्या चुकीच्या बाजूला उभे असतात. अलीकडे हिमाचलात कुफरीला, उत्तराखंडात मुक्तेश्वरला डॉप्लर रडार बसली, तेव्हापासून काही तासांपुरता तरी हा प्रश्न सोपा झाला आहे. पण पर्वत रडारच्या आड येतो, आणि दरीतल्या गावाला तो दिसत नाही.

बर्फ न पडणं हीसुद्धा आता बातमी असते. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार जवळजवळ कोरडे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या. हिमाचलात बर्फाला ‘सफेद खाद’ म्हणतात. सफरचंदाच्या झाडाला ठरावीक तास थंडी मिळाली नाही, तर बहर विस्कटतो. पुण्याच्या मार्केट यार्डात ऑगस्टनंतर येणाऱ्या पेट्यांचा दर्जा अशा रीतीनं जानेवारीतल्या एखाद्या विक्षोभावर अवलंबून असतो.

अंदाज बरोबर येऊनही माणसं मरतात, ही या आढाव्यातली सर्वांत जड बाब. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांत किमान २२ माणसं दगावली. जोरदार बर्फाचा इशारा तिथल्या हवामान खात्यानं आधी दिलेला होता. तरी गाड्या चढत राहिल्या. काचा बंद, इंजिन चालू, धुराचा नळ बर्फाखाली. विषारी वायू गाडीतच साठला. आपल्याकडचं उदाहरण २८ फेब्रुवारी २०२५ चं. बद्रीनाथच्या पलीकडे माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या तळावर हिमकडा कोसळला. ५४ कामगार अडकले, ४६ वाचले, आठ गेले. चंदीगडच्या संरक्षण भू-माहिती संशोधन संस्थेनं, म्हणजे पूर्वीच्या हिम व हिमस्खलन संस्थेच्या उत्तराधिकारी संस्थेनं, आदल्या दिवशी संध्याकाळी चमोलीसह उत्तराखंडच्या उंच भागांसाठी चोवीस तासांचा हिमस्खलनाचा इशारा काढला होता. इशारा होता, तासांत मोजलेला, उंचीसकट. तो कागद आणि तो तळ यांच्यामध्ये नेमकं काय राहिलं, हा प्रश्न हवामानशास्त्राचा नाही.

मैदानात मात्र बर्फापेक्षा जास्त त्रास धुक्याचा. विक्षोभानं जमीन ओली केली, मागून आकाश उघडलं, वारा पडला, की सिंधू-गंगेच्या मैदानात अमृतसरपासून पाटण्यापर्यंत दुलई पसरते. दोनशे मीटरच्या आत दिसलं तर दाट धुकं, पन्नासच्या आत अति दाट. १ जानेवारी २०२१ च्या पहाटे दिल्लीच्या सफदरजंगला दृश्यमानता शून्य आणि तापमान १.१ अंश होतं. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेनं २०१५ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर धुक्याचा खास प्रयोग मांडला आहे, आणि त्याचा फायदा विमान कंपन्यांना होतो. रेल्वेच्या प्रवाशाला कमी. उत्तरेतून येणाऱ्या एका गाडीत मी एकदा मथुरेच्या अलीकडे पाच तास बसून होतो. बाहेर दूध ओतल्यासारखं पांढरं. मधूनच रुळावर फटाक्यासारखा बार. शेजारचा म्हातारा फौजी म्हणाला, घाबरू नका, सिग्नल जवळ आला. धुक्यात चालकाला सिग्नल दिसत नाही, म्हणून माणसं रुळावर बार लावून ठेवतात आणि इंजिन त्यावरून गेलं की आवाज होतो. जीपीएसचं यंत्र आता आलं आहे, तरी तो आवाज अजून गेलेला नाही.

धुक्याचाच एक परिणाम लोकांना कळत नाही. दिवसभर ऊन जमिनीवर पोचलं नाही, तर कमाल तापमान पडतं. खातं त्याला ‘शीत दिवस’ म्हणतं: कमाल तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून खाली. दिल्लीत ३० डिसेंबर २०१९ ला दुपारचा पारा ९.४ अंशांच्या वर गेलाच नाही. १९०१ पासून डिसेंबरातला तो सर्वांत थंड दिवस.  रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाला रात्र कशीबशी काढता येते, ती दुपारच्या उन्हाच्या भरवशावर. ते ऊनच नसेल तर? बातम्यांचे मथळे मात्र किमान तापमानाच्या मागे.

आता शब्दांबद्दल. ‘थंडीची लाट’ हा शब्द आपण सैल वापरतो, खातं घट्ट वापरतं. मैदानी भागात किमान तापमान दहा अंश किंवा कमी असावं, आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी खाली असावं. साडेसहा अंशांच्या आसपास घट झाली, की लाट तीव्र. किंवा पारा सरळ चार अंशांवर आला तरी लाट. किनाऱ्यावर मोजपट्टी वेगळी, पंधरा अंशांची. आणि एका उपविभागातल्या दोन तरी केंद्रांवर सलग दोन दिवस तसं दिसावं लागतं. म्हणून मुंबईत सोळा अंश झाल्यावर गुलाबी थंडीचे फोटो छापणं ठीक. लाट म्हणू नये. मुंबईचा नीचांक २२ जानेवारी १९६२ चा, ७.४ अंश. पुण्याचा १७ जानेवारी १९३५ चा, १.७. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ होता. हे आकडे जवळ ठेवले, की ‘रेकॉर्डब्रेक थंडी’ म्हणणाऱ्यांशी वाद घालायला बरं पडतं.

दुसरा गोंधळ महाबळेश्वरचा. दर जानेवारीत बातमी येते: वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले, हिमकण जमले. त्याच दिवशी अधिकृत किमान तापमान आठ-नऊ अंश. लोक म्हणतात, खातं खोटं बोलतं. दोन्ही खरं आहे. वेधशाळेचा तापमापक जाळीच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर असतो, आणि महाबळेश्वरची वेधशाळा पठारावर. तलाव खोलगट जागी. शांत, निरभ्र पहाटे जड थंड हवा पाण्यासारखी उतारानं वाहत खोलगटात साठते, आणि गवताचं पातं, होडीची फळी, मोटारीचं टप हे हवेपेक्षा आणखी काही अंश थंड होतात. निफाडचा आकडा नाशिक शहरापेक्षा नेहमी खाली असतो, त्यामागेही हेच: कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली उघडी शेतजमीन, भोवती गोदा-कादवेचं खोरं. नाशिक शहराचा अंदाज आठ अंश असेल, तर निफाडच्या बागायतदारानं मनातल्या मनात दोन-तीन वजा करावेत. तो करतोही.

त्याच्या द्राक्षबागेत जरा थांबू. डिसेंबरच्या अखेरीस मण्यांत पाणी भरायला लागलेलं असतं. पारा पाचच्या खाली जाऊ लागला, की वाढ थांबते, मणी तडकतात. मग रात्री ठिबक सोडायचं, म्हणजे ओली जमीन ऊब धरून ठेवते, आणि पहाटे तीन-चारला बांधाबांधावर शेकोट्या पेटवायच्या. पाचटाचा, ओल्या काडीकचऱ्याचा धूर ओळींतून सरपटत जातो. थंडीची खबर बारा तास आधी मिळाली, तर मजूर सांगता येतो, जळण आणता येतं. पावसाची खबर चोवीस तास आधी मिळाली, तर फवारणी पुढे ढकलता येते, नाहीतर औषध धुऊन जातं आणि ढगाळ ओलीत डाऊनी हा बुरशीचा रोग शिरतो. गारांची खबर मात्र कुणीच चोवीस तास आधी गावाचं नाव घेऊन देऊ शकत नाही. ‘तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता’ याच्या पुढे आजचं शास्त्र तीन दिवस आधी जात नाही. गाव कळतं ते रडारवर, तास-दोन तास आधी. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये आठवडा-दोन आठवडे महाराष्ट्रभर गारा पडत राहिल्या तेव्हा हे अंतर फार महागात पडलं. तीच थंडी गव्हाला, हरभऱ्याला पाहिजे असते आणि कोकणात आंब्याला मोहोर आणते, हेही खरं. खानदेशात केळी पिवळी पडते ती त्याच रात्री. एकाच आकड्यावर महाराष्ट्र कधीच एकमतानं खूश नसतो.

आकडे वेगवेगळे धरले तर निरुपद्रवी वाटतात. एकत्र आले की घात करतात. १ आणि २ डिसेंबर २०२१ ला पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत अवकाळी पाऊस झाला. पाऊस काही विक्रमी नव्हता, थंडीही लाट म्हणावी अशी नव्हती. पण रात्रभर भिजलेली लोकर आणि वारा. आंबेगाव, जुन्नर, शिरूर, पारनेरकडे उघड्या रानात बसवलेल्या मेंढपाळांच्या शेकडो मेंढ्या सकाळी मेलेल्या सापडल्या. बुलेटिनमध्ये पावसाचा रकाना वेगळा असतो, थंडीचा वेगळा. भिजून गारठणाऱ्या जिवासाठी रकाना नाही. माझ्या मते या अंदाजातली ही सगळ्यात मोठी उणीव आहे, आणि ती भरून काढायला महासंगणक लागत नाही.

‘तुरळक’ हा शब्दही तपासून घेऊ. बुलेटिनच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. पुढे ‘बऱ्याच’, आणि तीन चतुर्थांशाच्या वर गेलं की ‘बहुतेक ठिकाणी’. हे शब्द जागेचे आहेत, जोराचे नाहीत. तुरळक ठिकाणी म्हणजे किरकोळ, असं वाचणारा फसतो. पडला तिथे धो धो पडू शकतो. त्यात हवामान खात्याचा ‘मध्य महाराष्ट्र’ हा उपविभाग नंदुरबारपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंत. एवढ्या पसाऱ्यात ‘तुरळक’ ऐकून चाळीसगावच्या माणसानं काय करायचं? जिल्हावार अंदाज आता निघतात, पिवळा-नारिंगी-लाल रंगही येतात, पण बातमीत बहुतेक वेळा उपविभागच वाचला जातो. आणि आणखी एक मौज: खात्याच्या दप्तरी हिवाळा म्हणजे फक्त जानेवारी आणि फेब्रुवारी. डिसेंबर हा मान्सूनोत्तर ऋतूत मोडतो. हुडहुडी भरलेल्या माणसाला हे सांगू नये.

लांबच्या भाकितांना मात्र आपण भलतेच भुलतो. २०२४ च्या पावसाळ्याअखेरीस ‘ला निना येतोय, यंदा हाडं गोठवणारी थंडी’ अशा मथळ्यांचा महिनाभर पूर आला. ला निना उशिरा आणि अशक्त आला. जानेवारी २०२५ देशात १९०१ पासूनच्या सर्वांत उबदार जानेवारींमध्ये तिसरा ठरला, आणि फेब्रुवारी तर सर्वांत उबदार. ज्यांनी त्या मथळ्यांवर ब्लँकेटं भरून ठेवली, त्यांची दया येते. हंगामी अंदाज हा शक्यतांचा असतो, सरासरीचा असतो, त्यावर रोजचा निर्णय उभारता येत नाही. आणि त्याच उबदार हिवाळ्यात श्रीनगरची डिसेंबरातली पन्नास वर्षांतली सर्वांत थंड रात्रही होती, दिल्लीचा डिसेंबरातला शतकातला सर्वांत मोठा पाऊसही होता, आणि तीन दिवसांच्या अंदाजानं पावसाची ती घडी नीट पकडली होती.

यंत्रसामग्रीची कुरकूर आता करता येत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं ‘मिशन मौसम’साठी दोन हजार कोटी मंजूर केले. पुण्यात ‘अर्क’ आणि नोएडात ‘अरुणिका’ हे महासंगणक बसले. २६ मे २०२५ ला पुण्यात तयार झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली; तिचा चौकोन सहा किलोमीटरचा, आधीच्या प्रारूपाचा बारा. बारा किलोमीटरच्या चौकोनात निफाड आणि शेजारचा डोंगर एकच दिसत होता, सहाच्या चौकोनात वेगळा दिसण्याची आशा आहे.

पण चौकोन लहान होत असताना दुसऱ्या टोकाला काय झालं, ते लिहिल्याशिवाय हा आढावा पुरा होत नाही. कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रं होती, देशभरात १९९. आकाशातला अंदाज घेऊन ‘आज रात्री ठिबक सोडा’, ‘उद्या फवारू नका’ असं जिल्ह्याच्या बोलीत, तिथल्या पिकाला धरून सांगणारी माणसं तिथे बसत. २०२४ मध्ये, आर्थिक वर्षाच्या शेवटी, ती बंद करण्यात आली. कारण खर्चाचं आणि स्वयंचलित यंत्रणेचं दिलं गेलं. सहा किलोमीटरचा अंदाज तयार करून तो समजावणारा माणूस घरी पाठवणं हा मला चुकीचा हिशेब वाटतो. ही केंद्रं पुन्हा उघडायला हवीत, आणि त्यांच्या फळ्यावर पाऊस आणि थंडी एका ओळीत लिहायला हवी.

तोवर जे आहे ते वापरा. विद्यापीठांच्या केंद्रांकडून निघणारा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, मराठीत, फुकट. ‘मेघदूत’ ॲपवर मिळतो. राष्ट्रीय बुलेटिन हवामान खात्याच्या ‘मौसम’ संकेतस्थळावर रोज संध्याकाळी पाहता येतं. मनालीचं तिकीट काढलं असेल, तर निघायच्या आदल्या रात्री ते पाहा, आणि त्यातल्या तिरप्या रेघेच्या दोन्ही बाजू वाचा.